तीनदा उकडलेली भाजी

दवाखान्यात नोकरी केली असं सांगितलं की लोकांचे डोळे मोठे होतात. "मग ऑपरेशनं पाहिली असतील की हो पुष्कळ!" मी म्हणते, एक पाहिलं, तेही अर्धंच. पहिल्याच ऑपरेशनला मी पेशंटच्या आधी बेशुद्ध पडले. त्यानंतर मला कुणी त्या खोलीच्या दाराशीही उभं केलं नाही. पुढची बावीस वर्षं मी लोणी तोललं, अंडी फोडली आणि भल्याभल्यांच्या तोंडचा घास काढून घेतला. त्या कामाला आमच्याकडं 'पथ्याची खोली' म्हणत.

माझं माहेर कऱ्हाडजवळचं मलकापूर. उसातलं घर. लग्नाला दीड वर्ष होतंय न होतंय तोच कपाळ पांढरं झालं, तेव्हा वडिलांनी मला घरात कोंडून घातलं नाही, सांगलीजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात नर्सिंग शिकायला धाडलं. भावकीनं वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. वडील म्हणाले, बरं झालं, तेवढीच शांतता. दवाखान्याचं नाव मी इथं घालत नाही. चूक माझी होती, त्याचं नाव कशाला खराब करू?

बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून सांगते. दवाखान्याचं मोठं स्वयंपाकघर वेगळं; तिथं आमटी, भात, भाकरी. त्याला लागून माझी खोली, चार पावलांची. तीत एक शेगडी, दोन पातेली, औषधं तोलायचा जुना काटा आणि एक पाटी. ज्यांना सगळ्यांसारखं जेवून चालत नाही अशांचं जेवण त्या खोलीत व्हायचं. मूत्रपिंडाच्या रोग्याला बिनमिठाचं, जठराच्या रोग्याला पातळ, आणि मधुमेहाच्या रोग्याला, विचारूच नका.

मधुमेहाचं माझं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे तात्या. सांगलीत गुळाचे अडते. आयुष्य गुळाच्या ढेपांत गेलेलं, आणि देवानं रोग दिला तो नेमका हा. पायाला जखम झालेली, ती भरता भरेना, म्हणून महिनोन्‌महिने व्हरांड्यातल्या खाटेवर मुक्काम. त्यांच्यासाठी मी भाजी तीनदा उकडायची. म्हणजे अशी: भाजी चिरायची, पाण्यात उकळायची, पाणी मोरीत ओतायचं. नवं पाणी, पुन्हा उकळी, पुन्हा ओतायचं. पुन्हा तिसऱ्यांदा. भाजीतली होती नव्हती ती साखर पाण्याबरोबर निघून जावी म्हणून. मला ही रीत अशीच शिकवली होती, आणि मला तिचा भारी अभिमान. माझ्या हातून सुटलेल्या भाजीत औषधाला साखर सापडायची नाही.

तात्या ताटलीकडं बघून म्हणायचे, "बाई, ही मेथी आहे की धुतलेलं धोतर?"

"मुकाट्यानं खा," मी म्हणायची. मी तोंडाची तिखट. दवाखान्यात सगळ्यांना ते ठाऊक होतं, डॉक्टरांनासुद्धा.

लढाईचे दिवस होते. आमच्या भागातली निम्मी तरणी पोरं फौजेत गेलेली. औषधांच्या कपाटात पूर्वी बाटल्या दाटीनं उभ्या असत, तिथं आता धूळ. जीवनसत्त्वाच्या गोळ्या, माशाचं तेल, झटक्यांवरची औषधं, काही वेळेवर यायचं नाही. अशात एका दिवाळीनंतर बायडाबाई आपल्या पोरीला घेऊन आली.

म्हसवडकडची धनगर माणसं. दिवाळी झाली की त्यांची मेंढरं माणाच्या कोरड्या मुलखातून खाली निघतात, कृष्णेच्या पाणथळ भागात येतात, शेतकऱ्यांच्या रानात बसतात आणि ज्येष्ठात पुन्हा वर जातात. बायडाचा नवरा बिरू कळप घेऊन पुढं गेला होता. ही मागं राहिली, सात वर्षांच्या सगुणाला घेऊन. पोरीच्या कमरेला लोकरीचा दोर होता आणि दोराचं दुसरं टोक बायडाच्या कमरेला.

मी पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. "अगं, पोर आहे का कोकरू? दावं कसलं बांधलंयस?"

बायडा शांतपणे म्हणाली, "फेफरं येतंया तिला, शिस्टरबाय. दिसाला चार चार डाव. एकदा हिरीच्या काठाला पडली. एकदा चुलीत. ह्यो हात बघा." सगूचा डावा हात कोपरापर्यंत भाजून सुरकुतलेला होता. "म्या मेंढरामागं पळू का हिच्यामागं पळू? म्हून बांदली."

मग ती म्हणाली, "मला दुसरं कायबी नगं. हिनं एकटीनं हुबं ऱ्हावं. एकटीनं कुटं जावं, यावं. येवढंच करा."

आमचे डॉक्टर म्हणजे मोजून बोलणारा माणूस. त्यांचा आवडता शब्द 'बघू'. त्यांनी होती ती औषधं देऊन पाहिली. पोर दिवसभर गुंगीत पडायची, आणि गुंगीतही झटके यायचेच. मग औषध संपलं. नवं कधी येईल ते कुणालाच सांगता येईना. एके सकाळी डॉक्टर हातात एक जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक घेऊन माझ्या खोलीत आले. म्हणाले, "बाई, आता तुमचं औषध."

"माझं?"

"हिला भाकरी बंद. भात बंद, गूळ बंद, डाळसुद्धा बंद. नुसतं लोणी, साय, तूप, खोबरं, अंडी, मटण आणि थोडी हिरवी भाजी. सगळं तोलून."

साधं करून सांगते. अंगाला धान्य आणि गूळ मिळाला नाही, आणि जवळजवळ सगळं स्निग्धच मिळालं, की अंग चरबी जाळून चालायला लागतं. तसं चाललं की काही पोरांचे झटके थांबतात. का थांबतात हे तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. अंग त्या वाटेला लागलं की नाही हे लघवीवरून कळायचं: काचेच्या नळीत औषध घातलं की जांभळं कडं उठायचं. कडं उठलं म्हणजे गाडी रुळावर. भाकरीचा एवढासा तुकडा पोटात गेला तरी कडं पुसलं जायचं, म्हणून काटा. लोणी तोला, अंडं तोला, खोबऱ्याची चकतीसुद्धा तोला.

बायडाला हे सांगितलं तर ती आधी हसत सुटली. "आवं, दवाखान्यात लोनी खावा म्हंत्यात व्हय? आमचा धनी ऐकल तर सोताच हितं येऊन पडंल!" पण भाकरी नाही हे कळल्यावर तिचं तोंड उतरलं. आमच्या भागात भाकरी नाही म्हणजे जेवणच नाही. बाकीचं सगळं तोंडी लावणं.

सगूचंही तेच. चार दिवस पोर लोण्याकडं पाठ करून बसली. "भाकर द्या की," एवढं एकच. मी वाघीण म्हणवणारी बाई, पण तो सूर ऐकून माझ्याच घशाखाली घास उतरेना. मग मी हट्टाला पेटले. जवस कुटला, तीळ कुटले, त्यात अंड्याचा पांढरा बलक घालून तव्यावर थापून बघितलं. पहिली भाकरी तव्याला चिकटली ती निघालीच नाही. दुसरी उलथताना तिचे सात तुकडे झाले. तिसरी जमली, पण तिचा आवाज असा की तात्या व्हरांड्यातून ओरडले, "बाई, कौल फुटलं की काय?" सहाव्या का सातव्या वेळेला तळहाताएवढी, मऊ, तपकिरी भाकरी उतरली. सगूनं ती उलटसुलट करून पाहिली, वास घेतला, तुकडा मोडून लोण्यात बुडवला आणि खाल्ला.

"कशी लागतीया?" बायडानं विचारलं.

"चांगली न्हाई," सगू म्हणाली आणि दुसरा तुकडा मोडला.

पौषाच्या सुमारास एक दिवस असा गेला की झटका नाही. मग दोन दिवस गेले. मग आठ. आम्ही कुणी बोलायचं नाही, दृष्ट लागेल म्हणून. एका दुपारी बायडानं स्वतःच तो लोकरीचा दोर सोडला, गुंडाळला आणि त्यानं आपलं घोंगड्याचं बोचकं बांधलं. मी बघितलं, पण बघितलं नाही असं केलं आणि काट्याची पारडी पुसत बसले.

मग आली संक्रांत. सगळा दवाखाना एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवत सुटला. भल्या माणसांची मला त्या दिवसाइतकी धास्ती कधी वाटली नाही. लहान पोर दिसलं की हात आपोआप पुढं! मी सगूला खोलीत ठेवून दार लावणार होते, तर तात्या म्हणाले, "तिला इकडं बसवा. मी आहे." आणि खरंच, काठी घेऊन हा गुळाचा अडता दिवसभर तिच्या राखणीला बसला. कुणी वाटी घेऊन आलं की काठी आडवी. "गोड बोला आणि पुढं व्हा. इथं दोघांनाही बंदी आहे." संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, साऱ्या सांगलीला गूळ विकला. नको म्हणण्यात इतकी मजा आहे हे आजच कळलं."

इथपर्यंत सगळं छान. आता माझं सांगते.

माघ संपताना सगू मलूल व्हायला लागली. झटके नव्हते, पण पोर खेळायची नाही. पाय दुखतात म्हणायची. पोटऱ्यांवर, काही लागलं नसताना, निळे डाग. एके सकाळी जवसाची भाकरी चावली तर भाकरीला रक्त लागलेलं. हिरड्या सुजून जांभळ्या झाल्या होत्या.

डॉक्टरांनी तोंड पाहिलं. बाहेर येऊन मला म्हणाले, "भाजी देताय ना रोज?"

"म्हणजे काय! रोज, दोन्ही वेळा. तोलून," मी ठणकावून सांगितलं.

"भाजी मिळत असताना असं व्हायला नको," ते म्हणाले. कपाळावर आठ्या. "भाकरी बंद केली की बाई, भाकरीबरोबर पोटात जाणारं इतरही पुष्कळ बंद होतं. फळं आपण देत नाही, डाळी देत नाही. जे काही मिळायचं ते त्या मूठभर भाजीतून. गोळ्या असत्या तर प्रश्नच नव्हता. आठ दिवस वाट बघू. नाही सुधारली तर पथ्य बंद करून भाकरी सुरू करायची."

"मग झटके?"

ते 'बघू'सुद्धा म्हणाले नाहीत.

मी बायडाला सांगितलं. ती खांबाला टेकून बसली. "म्हंजी पुन्ना बांदायची व्हय मी हिला?" एवढंच बोलली.

ते आठ दिवस मला अजून आठवतात. मी काटा दहादा तपासला. लोणी ताजं आहे ना, अंडी कुणी बदलली नाहीत ना. भाजीची तर मी इतकी काळजी घेतली की तीनऐवजी चारदा उकडली. होय, चारदा. माझा शहाणपणा!

तिसऱ्या का चौथ्या दिवशी दुपारी खाटेवर ना सगू ना बायडा. दवाखान्यामागं एका बागायतदाराचा ऊस होता, पाटाच्या पाण्यावरचा. मी शोधत तिकडं गेले. बघते तर बांधावर दोघी मायलेकी उकिडव्या बसलेल्या, आणि दोघी चरत होत्या. दुसरा शब्द नाही त्याला. बायडा बांधावरची पाथरी उपटायची, पाटाच्या पाण्यात खळबळायची, अर्धी आपण खायची, अर्धी पोरीच्या तोंडात. सगूचे दात हिरवेगार.

माझं जे तोंड सुटलं! "अगं बया, काय केलंस हे! मी इथं गुंजेगुंजेनं तोलतेय आणि तू पोरीला रानात चारतेस? कोण जाणे काय पाला तो! किती दिवस चाललंय?"

"आज तिसरा दिस," बायडा म्हणाली. उठलीसुद्धा नाही.

"मला विचारायला काय झालं होतं?"

"तुमी नगं म्हनला असता."

खरं होतं. पण खरं बोलणाऱ्यावर राग जास्तच येतो. मी म्हणाले, "माझी भाजी काय वाईट आहे का? रोज देते की!"

तेव्हा मात्र ती उठली. हात झटकले. "रागावू नगासा शिस्टरबाय. तुमी लय जीव लावलाय पोरीला, म्या आंदळी न्हाई. पर तुमी ती भाजी शिजीवताय कशी? एक डाव उकडायची, पानी मोरीत. पुन्ना उकडायची, पानी मोरीत. चव ग्येली पान्यात, कस ग्येला पान्यात. पोरीच्या पोटात काय ग्येलं? चोथा. आमचं मेंढरूबी तसला पाला हुंगून बाजूला हुईल."

"ती रीत आहे," मी म्हणाले.

"आसंल. तुमच्या मोरीतलं अळू बघितलंया का तुमी?"

मी वळून बघितलं. माझ्या खोलीची मोरी बाहेर निघते तिथं अळू होतं. दवाखान्याच्या आवारात इतर ठिकाणचं अळू वीतभर, आणि हे माझ्या खांद्याला लागेल एवढं, पानं सुपाएवढी. रोज सकाळ-संध्याकाळ मी त्याच्या मुळात मेथीचं, पालकाचं, चाकवताचं पाणी ओतत होते. पोरीच्या वाट्याचं सगळं त्या अळवानं खाल्लं होतं.

मी तिथंच बांधावर बसले. रडायला आलं आणि हसायलाही. तात्यांना ती रीत चालत होती, कारण त्यांच्या ताटात दुसरं थोडंफार असायचं: डाळ, पेरूची फोड, अर्धी भाकरी. सगूच्या ताटात ती मूठभर भाजीच काय ती, आणि तिचाही मी जीव काढून देत होते. साखर काढायच्या नादात सगळंच काढलं होतं. डॉक्टरांनी भाजी द्या सांगितलं होतं, तीनदा उकडा असं कधीच सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या हुशारीनं केलं होतं.

सगूनं माझ्या हातात एक पाथरीचं पान ठेवलं. "खावा. कडू हाय पर ग्वाड लागतं," म्हणाली.

खाल्लं. मलकापूरच्या उसात वाढलेली मी, लहानपणी भाकरीबरोबर हीच पाथरी कच्ची खात होते. नर्स झाल्यावर विसरले.

डॉक्टरांना सांगणं भाग होतं. मी आयुष्यात फार थोड्या वेळा मान खाली घालून बोलले, त्यातली ही एक. तीनदा उकडल्याचं सांगितलं, चौथ्यांदाचंही सांगितलं. ते मग म्हणाले, "कच्ची पाथरी तीन दिवस खातेय? आणि जांभळं कडं?"

तीच तर भीती होती. रानातल्या पाल्यात किती साखर असते ते पुस्तकात नव्हतं. कडं पुसलं गेलं असेल तर एका हातानं हिरड्या वाचवल्या आणि दुसऱ्या हातानं झटके बोलावले, असं व्हायचं. ते तीन दिवस नळी मी स्वतः तपासली नव्हती. तात्यांच्या पायाची पट्टी माझ्याकडं आली होती आणि नळीचं काम दुसऱ्या नर्सवर टाकलं होतं. डॉक्टर उठले, मी उठले, मागून बायडा, तिच्या मागून काठी टेकत तात्या. सगूला म्हटलं, बाटली भर. ती लाजली, मग तात्यांना पाठ करायला लावून भरली.

नळीत औषध घातलं. आम्ही चौघं नळीकडं बघत उभे. काही होईना. मग कडेला एक फिकी रेघ. मग रेघ दाटत दाटत चांगलं वांग्याच्या सालीसारखं जांभळं कडं उभं राहिलं.

"आलं की हो!" तात्या ओरडले. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आनंद सगळ्यात मोठा त्यांचा.

डॉक्टर बायडाला म्हणाले, "आणखी काय काय खाता तुम्ही रानातलं?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून पथ्याच्या खोलीत बायडाची नेमणूक. सकाळी आम्ही दोघी सगूला घेऊन बांधावर जायचो. घोळ, पाथरी, तांदुळजा, चिवळ. बायडा तोडायची, मी तोलायची. पाथरी आणि घोळ धुऊन कच्ची, वर मीठ आणि लिंबाचे चार थेंब. तांदुळज्याला तुपात एक वाफ, पाण्याचा थेंब नाही. मिठात मुरवलेल्या आवळ्याची फोड. हाडं दुपारभर रटरटवून त्याचं पाणी, कारण पोराची हाडं वाढायची तर त्याला चुना कुठून तरी मिळायला हवा आणि दुधातली साखर आम्हाला चालत नव्हती. तीळही त्याचसाठी. आठवड्यातून एकदा बोकडाचं काळीज. ते सगू मिटक्या मारत खायची. पोटभर खाणं वेगळं आणि पोटात सगळं जाणं वेगळं, हे इतक्या वर्षांत मला कुणी असं शिकवलं नव्हतं. आणि जिनं शिकवलं तिला काट्यावरचे आकडे वाचता येत नव्हते.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी सगूच्या हिरड्या दाबून बघितल्या. रक्त नाही. रंग गुलाबी. ते म्हणाले, "पथ्य चालू." मी बाहेर येऊन मोरीतलं ते अळू मुळासकट उपटायला निघाले होते, तर तात्यांनी अडवलं. म्हणाले, "त्याची काय चूक? त्याला एकट्यालाच तुमचा स्वयंपाक आवडला." मग त्याची वडी केली आणि मोठ्या स्वयंपाकघराला दिली. तात्यांना एक वडी मिळाली, डॉक्टरांच्या परवानगीनं. त्यांची भाजीही मी त्यानंतर एकदाच उकडायला लागले. पहिल्या दिवशी खाऊन म्हणाले, "बाई, मेथी आहे ही!" डोळे पुसले त्यांनी. जरा नाटकी माणूस होता.

ज्येष्ठ लागला आणि बिरू आला. उंच, काळा, खांद्यावर घोंगडं. सगू त्या वेळी आवारात दवाखान्याच्या कुत्र्यामागं पळत होती. त्यानं आधी ओळखलंच नाही तिला. मग बायडाकडं बघितलं. "दोर कुटं हाय गं?"

"बोचक्याला बांदलाय."

"फेफरं?"

"पाच म्हैनं झालं. न्हाई."

तो पायरीवर बसला आणि घोंगड्यात तोंड घालून रडला. त्याला कुणी उगी केलं नाही. रडू द्यावं तेव्हा माणसाला.

पण खरी पंचाईत पुढं होती. डॉक्टर म्हणाले, पथ्य दोन वर्षं तरी चालायला हवं. आणि ही माणसं तर चालली माणात. आज या रानात, उद्या त्या माळावर. तिथं काटा कुठला आणि नळी कुठली? मी म्हणाले, पोरीला माझ्याजवळ ठेवा. खरं सांगते, मला ती हवी होती. डॉक्टरांनी बायडाला विचारलं.

बायडा म्हणाली, "शिस्टरबाय, तुमी मला एक डाव सारं दावा. मग म्या करून दावती. चुकलं तर ठिवा पोरगी."

मी काट्यावर तोलायची आणि ती मापं बसवायची. लोणी एवढ्या करवंटीत इथवर. खोबरं अंगठ्याएवढं. पाला सगूची मूठ, आपली नाही. मग मी तिला एका दिवसाचं सगळं जेवण मापून ठेवायला लावलं आणि एकेक काट्यावर घातलं. मनात म्हणत होते, चुकू दे, एकदा तरी चुकू दे. पारडी थोडी हलायची आणि थांबायची. एकदाही चुकली नाही. मी डॉक्टरांना म्हणाले, "जाऊ द्या यांना."

मेंढरांच्या मागून सगू गेली. जाताना तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पोरांचं असंच असतं, आणि तसंच असावं.

मग पावसाळा आला. पत्र यायचा प्रश्नच नव्हता, लिहिणार कोण? म्हसवडच्या सिद्धनाथाला जाऊन आलेली माणसं दवाखान्यात आली की मी विचारायची, बिरू धनगराची पोर दिसली का हो? माणात बिरू काय एक आहे! लोक हसायचे. कधी वाटायचं, पोरीला कुणी मायेनं भाकरी दिली असेल. कधी वाटायचं, विहिरीच्या काठाला असेल आत्ता. तात्यांचा पाय बरा झाला, ते घरी गेले, तरी आठवड्याला चक्कर टाकायचे आणि आधी तेच विचारायचे. "आली का खबर?" नाही म्हटलं की अर्धा तास माझ्याशी भांडून जायचे, कशावरूनही.

दिवाळी झाली. खाली उतरलेले कळप रस्त्यानं दिसायला लागले. मी कामाच्या निमित्तानं दारात जायची आणि निमित्त संपलं तरी उभी राहायची. असे बारा-तेरा दिवस गेले.

एके दिवशी सकाळी मी खोलीत खाली मान घालून अंडी फोडत होते. दारात सावली पडली. मी वर न बघताच खेकसले, "नाष्टा तिकडं मोठ्या स्वयंपाकघरात मिळतो. इथं नाही."

"म्या हाय," सावली म्हणाली.

सगू. वीतभर उंच झालेली. केसांना तेल, गालावर रंग. मी तिला हनुवटीला धरून उजेडाला फिरवलं. "आ कर." तिनं आ केला. हिरड्या गुलाबी, दोन नवे दात करवतीसारखे वर आलेले. पोटऱ्या बघितल्या, भाजलेला हात बघितला, पाठीवरून हात फिरवला. मग विचारलं, "झटका?"

"येकबी न्हाई. एकदा बा म्हनला आला, पर ती मला नुस्ती शिंक आल्ती."

"कुठं बसलीत मेंढरं?"

"त्या पल्याडच्या गावाला. हितनं कोसभर."

"आणि तुझी आई कुठाय?"

"ती व्हय? ती येती मागनं. लय हळू चालती ती," सगू म्हणाली. "तिला म्हनलं, तू ये निवांत. म्या हुते फुडं."

मी हात न धुताच दारात आले आणि रस्त्याकडं पाहिलं. रस्ता पार वळणापर्यंत मोकळा होता.